दंड पुढे करणारे लोक

एखादं औषध गुणकारी आहे म्हटलं की आपण विचारतो, शंभरातले किती बरे होतात? हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारात मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो: शंभरातल्या किती जणांपर्यंत ते पोचतं? याचं उत्तर इजिप्तच्या इतिहासात सापडतं.

नाईलच्या कालव्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांना बिलहार्झिया हा कृमींचा जुना रोग. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारने गावोगाव त्यावर अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शनं दिली. हेतू चांगलाच होता, पण काचेच्या सिरिंजा नीट न उकळता पुढच्याला टोचल्या जात. कृमींवरचा इलाज करता करता एकाच्या रक्तातला विषाणू दुसऱ्याच्या रक्तात गेला. तो विषाणू ओळखता आला १९८९ मध्ये! २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या साधारण दर सातांत एकाच्या रक्तात त्याची खूण सापडली.

तेव्हाचा उपचार म्हणजे इंटरफेरॉन. ४८ आठवडे इंजेक्शनं, जोडीला गोळ्या, ताप, अंगदुखी, नैराश्य... आणि बरे होत साधारण निम्मेच.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोस्बुविरला मान्यता मिळाली. १२ आठवड्यांच्या गोळ्या ८४,००० डॉलरच्या! इजिप्तने घासाघीस करून २०१४ मध्ये त्या ९०० डॉलरना मिळवल्या, पुढे देशातच त्याहून स्वस्त बनवल्या. २०१८-१९ च्या मोहिमेत सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांनी तपासणी करून घेतली. ज्या सरकारी सुईने घात केला, तिच्यापुढे पुन्हा हात करणं सोपं नव्हतं. उपचारानंतर ज्यांचा निकाल कळला, त्यांतले ९८ टक्क्यांहून अधिक विषाणूमुक्त झाले. जे पुन्हा तपासायला आलेच नाहीत, ते या आकड्यात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. शिवाय विषाणू गेला तरी सिरोसिस झालेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतोच. म्हणून लवकर शोधणं हा उपचाराचाच भाग.

आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची ही तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. त्याआधीच्या काळात ऑपरेशन, बाळंतपण, अपघात अशा निमित्ताने रक्त चढवलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतील. हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. तेव्हा मंडळी, घरातल्या मोठ्यांना एकदा विचारून बघा.