प्रतिबंधक स्थानबद्धता

प्रतिबंधक स्थानबद्धता : एखाद्या व्यक्तीने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर ती भविष्यकाळी राज्याच्या सुरक्षिततेस किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधक कृत्य करील या समजुतीने, खटला न चालविता तिला बंदिवासात ठेवणे, यास प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. दंडात्मक बंदिवासात आरोप, पुरावा व न्यायालयाचा निवाडा ही तिन्ही अंगे असतात. येथे शासकीय अधिकाऱ्याचे समाधान हेच आदेशाचे अधिष्ठान असते. युद्धकाळात अनेक लोकशाही देशांनी या उपायाचा आश्रय घेतला. तथापि शांततेच्या काळातही तो अनुज्ञेय ठरवून त्याला संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच स्थान देणारे देश फार थोडे असून भारत त्यांपैकी एक आहे.

भारतातील या व्यवस्थेचा उगम ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत झाला. बंगाल विनियम ३, १८१८ अन्वये राज्यकारणास्तव कोणासही बंदीत ठेवता येत असे. लाला लजपतराय यांना १९०७ मध्ये मंडालेस पाठविण्यात आले ते याच विनियमाखाली. मुंबई इलाख्यासाठी १८२७ चा २५ वा विनियम होता. रँडच्या वधानंतर १८९७ मध्ये पुण्याचे नातू बंधू त्याखाली पकडले गेले. त्यांच्यावर खटला भरण्यात आला नाही. तसा तो भरण्याची विनियमाने गरजच ठेवली नव्हती. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध देशभर जो क्षोभ उसळला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतील २६ व्या नियमाखाली असंख्य राजकीय कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. इंग्लंडमध्ये लिव्हरसिज वि. अँडरसन (१९४१) या खटल्यात उमराव सभेने गृहमंत्र्याच्या समाधानाची तपासणी करण्यास नकार दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. भारताच्या संघ न्यायालयाने मात्र केशव तळपदे यांच्या खटल्यात (१९४३) अधिक धैर्य दाखविले. मूळ कायद्यास ‘वाजवी संशय’ अपेक्षित असताना नियमाने केवळ शासनाचे समाधान पुरेसे मानले, म्हणून सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने २६ वा नियम अवैध ठरविला. सरकारने लगोलग अध्यादेश काढून तो वैध करून घेतला. न्यायालयाने दार उघडावे आणि विधिकर्त्याने ते पुन्हा लावून घ्यावे, हा क्रम पुढेही दिसतो.

ज्यांनी स्वतः हा बंदिवास भोगला होता त्यांपैकी अनेक जण संविधान सभेत होते. फाळणीचा रक्तपात, काश्मीरमधील युद्ध आणि तेलंगणातील सशस्त्र उठाव यांच्या छायेत त्यांनी ही सत्ता कायम ठेवली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्यविषयक अनुच्छेदातून ‘योग्य विधिप्रक्रिया’ ही संकल्पना वगळून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घालण्यात आले. त्यामुळे झालेली हानी काही अंशी भरून काढावी या हेतूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये जो नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा २२ वा अनुच्छेद होय. स्थानबद्धास कारणे कळविणे, निवेदनाची संधी देणे आणि तीन महिन्यांपुढील स्थानबद्धतेस सल्लागार मंडळाची संमती घेणे ही त्यातील संरक्षणे होत. मात्र लोकहितास्तव तथ्ये उघड न करण्याची मुभाही त्यातच आहे.

संविधान अंमलात येऊन महिना होतो न होतो तोच प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियम (फेब्रुवारी १९५०) संमत झाला. तो एका वर्षापुरता होता. मुदतवाढी मिळत तो १९६९ अखेरपर्यंत टिकला. ए. के. गोपालन वि. मद्रास राज्य (१९५०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अधिनियम उचलून धरला, तथापि स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापासूनही लपविणारे १४ वे कलम रद्द केले. मूळ कायदा टिकला तरी हा भाग क्षुल्लक नव्हता. १९७५ नंतर तशीच तरतूद पुन्हा अवतरली.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतरच्या आणीबाणीतील एक प्रकरण या विषयाचे मर्म विशेष स्पष्ट करते. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ वैज्ञानिक होता. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी राज्य शासनाने नाकारली. स्थानबद्धास काय करता येईल हे नियम ठरवितात आणि पुस्तक प्रसिद्ध करण्याचा हक्क नियमांत नाही, अशी शासनाची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली व सर्वोच्च न्यायालयानेही १९६५ मध्ये शासनाचे अपील नामंजूर केले. नियमांनी जी बंधने घातली तेवढीच स्थानबद्धावर असतात; जे निषिद्ध नाही ते त्याचे स्वातंत्र्य शिल्लकच राहते, असे न्यायालयाने मानले. अणूच्या रचनेवरील पुस्तकाने देशाच्या संरक्षणास कोणता धोका पोहोचणार होता, हे शासनास अखेरपर्यंत दाखविता आले नाही. सुरक्षेसाठी दिलेली सत्ता प्रशासनाच्या हाती किती सहजपणे निव्वळ सोयीची बाब बनते, याचा हा नमुना होय.

१९७१ मध्ये अंतर्गत सुरक्षा अधिनियम (मिसा) आला. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यात आली आणि २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ व २२ या अनुच्छेदांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे या काळात मिसाखाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी असे मत दिले, की आदेश मिसाच्याच अटींत बसतो किंवा नाही हे पाहण्याचा अधिकार शिल्लक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने हे मत उलथविले; बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्याचा अधिकारच उरला नाही असा त्याचा अर्थ झाला. सुनावणीत न्या. ह. रा. खन्ना यांनी, वैयक्तिक वैरातून पोलिसाने एखाद्याचा जीव घेतला तर काय, असे विचारले. आणीबाणी असेतोवर उपाय नाही, अशा आशयाचे उत्तर महान्यायवादींना द्यावे लागले. खन्ना यांनी विरोधी निकाल दिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक झाली व खन्ना यांनी राजीनामा दिला.

जनता शासनाच्या काळात मिसा रद्द झाला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) आणीबाणीतही २० व २१ हे अनुच्छेद स्थगित करता येणार नाहीत असे ठरले आणि ‘अंतर्गत अशांतता’ या संदिग्ध शब्दांऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. याच दुरुस्तीचे ३ रे कलम तीन महिन्यांची मुदत दोनवर आणणारे व सल्लागार मंडळाची रचना कडक करणारे होते. पण ते अंमलात आणण्याची अधिसूचना कोणत्याच केंद्र शासनाने काढलेली नाही. ए. के. रॉय खटल्यात तसा आदेश शासनास देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तोवर राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम (१९८०) आला होता. त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता चालते.

राज्यांच्या कायद्यांनी या साधनाचे क्षेत्र आणखी विस्तारले. महाराष्ट्राचा १९८१ चा अधिनियम झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यासाठी आहे. मूळचे राज्यकारण येथे दिसेनासे झाले असून, साध्या फौजदारी कायद्याने शिक्षा होणे कठीण म्हणून हा आडमार्ग पत्करला जातो, ही टीका रास्त आहे. जबलपूर निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात चुकीचा ठरविला. तो निकाल देणाऱ्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. तो चुकीचा ठरविणारे निकालपत्र त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. २२ व्या अनुच्छेदातील स्थानबद्धतेची सत्ता मात्र या निकालानंतरही अबाधित राहिली.