स्थापत्याचे विद्यार्थी आणि जुने बांधकाम

भुकूम हे मुळशी तालुक्यातील पौड रस्त्यावरचे गाव. त्याच्याच परिसरात उगम पावलेली रामनदी बावधन, पाषाण ह्या गावांवरून वाहत मुळेस मिळते. नदीच्या उगमाशी राहणाऱ्या मुलांनी पाण्याचे जुने स्थापत्य जाणून घ्यावे, हे उचितच होय.

त्या स्थापत्याचा उत्तम धडा जवळच पुण्यात आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. कोणतेही यंत्र नसता केवळ उताराच्या बळावर ते वाहत असे. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले असून शहरात हौद बांधलेले होते.

पुढे १८५४ मध्ये सरकारी बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करणारी शाळा पुण्यास निघाली. तीच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली. सर विश्वेश्वरय्या हे तिचेच विद्यार्थी. त्या काळी चुना हे नित्याचेच साहित्य होते. पुढे सिमेंटचे युग आले आणि घाणीत मळलेल्या चुन्याची विद्या मागे पडली.

ह्याचे फळ जुन्या वास्तू भोगीत आहेत. चुन्याची भिंत आतील ओल बाहेर सोडते; तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दगड-विटांचे पापुद्रे सुटू लागतात. सद्हेतूने केलेली दुरुस्तीच अशा रीतीने नाशास कारण होते.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ १९०४ व १९५८ मध्ये कायदे झाले, महाराष्ट्राचा कायदाही १९६० चा आहे. परंतु त्यांचे छत्र केवळ नोंदलेल्या स्मारकांवर. गावची बारव, नदीचा घाट, आपला वडिलोपार्जित वाडा ह्यांचे भवितव्य बहुधा एखाद्या तरुण अभियंत्याच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून जुन्या बांधकामाची परीक्षा व जतन हा विषय त्याच्या शिक्षणात ऐच्छिक नव्हे, आवश्यक असावा.

ज्ञातिबांधवांनो, आपली जी मुले-मुली आज स्थापत्य शिकत आहेत, त्यांस सुटीत जुना वाडा मोजावयास लावा, त्याचा नकाशा काढवून घ्या, वृद्ध गवंड्यापाशी बसवा. पाडण्याचा सल्ला कोणीही देईल. भिंत का उभी आहे हे ज्यास उमगले, तोच ती राखू शकेल.