नभोवाणीची चाळणी

मुंबईच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन ह्यांनीं केलें, हें इतिहासांत नमूद आहे. परंतु पुढें विजेवर चालणारे रेडिओ गिरगांव-दादरच्या घरांत आले, तेव्हां गाणें स्वच्छ ऐकविणाऱ्या एका चाळणीची नोंद सहसा आढळत नाहीं. ती आम्ही येथें करूं इच्छितों.

खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली १९१५ सालीं. त्याच सालीं अमेरिकेंत कॅम्बेल व जर्मनींत वाग्नर ह्यांनीं ह्या चाळणीचें तत्त्व स्वतंत्रपणें मांडलें. सेकंदास ५० वेळां हेलकावणारी वीज रेडिओंत एकाच दिशेस वळविली, तरी तींत १०० ठोके उरतात व गाण्यामागें अखंड घुमत राहतात. म्हणून प्रवाहाच्या वाटेवर तारेचें वेटोळें बसवितात. तें संथ प्रवाहास जाऊं देतें, जलद बदलास अडवितें. त्यांतूनहि निसटलेले ठोके कन्डेन्सर आडवाटेनें परत पाठवितो.

गाणाराचें नांव इतिहासानें राखावें, हें योग्यच होय. परंतु तें गाणें परळच्या कामगाराच्या कानीं निर्मळ पोंचावें म्हणून जें अडविलें गेलें, त्याचीहि एक ओळ त्यांत असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.