पाय थकले, त्यांची दिंडी



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून आम्ही भिशीच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक नावाची गोष्ट सारखीच निघाली. पुष्कळ वर्षं नाव येतं, आणि मग एका आषाढीपासून येत नाही. काही माऊली वैकुंठवासी झाल्या. पण काहींचे फक्त पाय थकले होते. ते इथेच होते, शीळला, डायघरला, पडल्याला, आपल्या घरात. वहीत मात्र दोघांचंही नाव एकाच रेघेने बंद झालं.

डोक्यावर तुळस घेऊन वर्षानुवर्षं पुढे चालणाऱ्या एका आजींकडे आम्ही मागे प्रसाद घेऊन गेलो. पंढरीहून येऊन महिना झाला होता. बुक्का कपाळाला लावून त्या एवढंच म्हणाल्या, "पंढरी तुमाना जवल परली, माजा घर मातर लांब परला." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर उत्तर आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच आहे. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता म्हणून देवाला विटेवर थांबावं लागलं. आपली पंढरी उभी राहिली ती म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी. मग ही सेवा घराबाहेर, संस्थेपर्यंत कशी गेली आणि पुन्हा घराकडे कशी वळली, हे वारकऱ्याने जाणून घ्यायला हवं.

पूर्वी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता असं म्हणतात. ते अर्धंच खरं. घर भरलेलं होतं, भातशेती होती, म्हातारा माणूस ओटीवर बसून राखण करी. पण ज्याला कोणी नाही, त्याचे हाल तेव्हाही होत. अशांसाठी पुण्यात 1863 मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ आणि अपंगांचं गृह सुरू झालं. तेच आजचं 'निवारा'. पुढे कितीतरी वर्षं म्हाताऱ्यांची सेवा म्हणजे असा आसरा, हीच समजूत राहिली. गाव सोडायचं आणि तिथे जाऊन राहायचं.

पुढची गोष्ट वारकऱ्याला विशेष गोड वाटेल, कारण ती चालण्यातून सुरू झाली. 1974 मध्ये सेसिल जॅक्सन-कोल हे इंग्लंडचे गृहस्थ भारतात आले. म्हाताऱ्यांसाठी काम करणारी 'हेल्प द एज्ड' ही संस्था त्यांनी तिकडे उभी केली होती. दिल्लीच्या सॅमसन डॅनियल यांनी त्यांच्याकडे मदत मागितली. ते म्हणाले, पैसे तुम्हीच उभे करा, कसे करायचे ते मी शिकवतो. डॅनियल लंडनला जाऊन शिकून आले आणि त्यांनी दिल्लीत शाळकरी मुलांना चालायला लावलं. मुलांनी ओळखीपाळखीच्या माणसांना सांगायचं, मी चालतो, तुम्ही म्हाताऱ्यांसाठी पैसे द्या. त्या पायी चालण्यातून निधी जमला, आणि एप्रिल 1978 मध्ये 'हेल्पएज इंडिया' ही संस्था नोंदली गेली. थोड्याच महिन्यांत ती परदेशी पैशाविना स्वतःच्या पायावर उभी राहिली. 1982 पासून तिचे फिरते दवाखाने निघाले. म्हाताऱ्याने दवाखान्यात जायचं, त्याऐवजी दवाखानाच वस्तीत येऊ लागला.

आपल्या महाराष्ट्रात 1980 मध्ये ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ झाला. त्याला 'फेस्कॉम' म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बागेतल्या बाकांवर, देवळाच्या सभामंडपात जे ज्येष्ठ नागरिक संघ भरतात, ते याच चळवळीतले. इथे म्हातारी माणसं स्वतःच एकमेकांची विचारपूस करतात. आज फलाणा आला नाही, चला बघून येऊ. सगळ्या सेवेचं बीज एवढंच आहे.

पुढे सरकारही जागं झालं. 1999 मध्ये देशाचं ज्येष्ठांसाठीचं धोरण आलं. 2007 मध्ये कायदा झाला. मुलं सांभाळत नसतील तर आईबाप प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्च मागू शकतात. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. घरात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ज्यांना खरंच कोणी नाही, त्यांच्यासाठी आपल्या कल्याण तालुक्यात खडवलीला मातोश्री वृद्धाश्रम आहे. त्याची गरज आहेच.

पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर 100 माणसांत जवळपास 10 जण साठीच्या पुढचे होते. एवढ्यांना आश्रम पुरणार कसे? यावर केरळने वाट दाखवली. 1993 मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी संस्था काढली. पुढे गावोगावचे साधे लोक त्यात आले. आठवड्याला निदान दोन तास द्यायचे, थोडं शिकून घ्यायचं आणि शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जायचं. नर्स आणि डॉक्टर पाठीशी असतात, पण रोजची नजर शेजाऱ्याचीच.

हे वाचल्यावर आम्हाला वाटलं, अरे, ही तर दिंडीच! वाटेत कोणी लंगडू लागला तर आपण त्याला टेम्पोत बसवतो, पाय चेपतो, गोळी देतो. मुक्कामावर माणसं मोजतो. कोणी मागे राहू देत नाही. मग शीळफाट्याला परत आलो की मोजणी का थांबते? आता तर गरज जास्त आहे. कल्याण-शीळ रस्त्याला इमारती उठल्या, शेती गेली, पोरं फ्लॅटमध्ये गेली, आणि जुन्या घरात दोन म्हातारी माणसं उरली.

म्हणून शंभराव्या वर्षी एक नवी वही घातली आहे. ज्यांचे पाय थकले त्यांची नावं तिच्यात लिहायची. आठवड्याला दोन तास, दोघा-दोघांनी जायचं. औषध संपलंय का बघायचं, चष्मा, पेन्शन, बँकेचं काम विचारायचं, आणि निघण्याआधी हरिपाठ म्हणायचा. तो त्यांना पाठ आहे, पुस्तक आपल्यालाच लागेल.

पहिलं नाव त्या आजींचं लिहिलं आहे. त्यांचं घर आता लांब पडू द्यायचं नाही.