पर्जन्याची नोंद आणि सरकारी दफ्तर

चौसाळा हें बीड तालुक्यांतील एका महसूल मंडळाचें गांव. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे त्या मंडळांत अतिवृष्टि झाली असें सरकार धरतें. एका यंत्राच्या आंकड्यावर इतकें अवलंबून असतां तो आंकडा कोणास पाहतां यावा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

राज्यानें पाऊस मोजण्याचा प्रघात जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोष्ठागारांत अरत्निभर तोंडाचें कुंड ठेवण्यास सांगितलें असून अश्मक देशाचा पाऊस १३॥ द्रोण दिला आहे. गोदातीरींचें अश्मक म्हणजे आमच्याच शेजारचा मुलूख. परंतु कुंडाची जागा राजाचें कोठार, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पेशवे दफ्तराविषयीं आमच्या संशोधकांचें गाऱ्हाणें याच जातीचें होतें. सरदेसायांनीं संपादिलेले ४५ खंड १९३० पासून छापून निघाले, तेव्हां कोठें दार किलकिलें झालें.

अलीकडील उदाहरण सह्याद्रीचें. केंद्र सरकारनें २०१० सालीं डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटासाठीं तज्ज्ञ समिति नेमली. तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्यें सादर झाला आणि कपाटांत राहिला. केरळांतील एका नागरिकानें तो माहितीच्या अधिकाराखालीं मागितला असतां, अहवाल अंतिम नाहीं व तो उघड केल्यास राज्याच्या आर्थिक हितास बाध येईल, असें मंत्रालयानें म्हटलें. ज्या डोंगरांत लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्यांविषयींचें लेखन त्या लोकांनीं वाचल्यानें राज्याचें हित बुडतें, हें अनुमान कोणत्या हेतूवर उभें आहे तें नैयायिकांसही सांगतां येणार नाहीं! माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनीं एप्रिल २०१२ मध्यें तें अमान्य केलें. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयांत गेलें, तेथेंही हरलें, आणि मे महिन्यांत अहवाल लोकांपुढें आला.

कृषि विभाग हल्लीं मंडळवार पाऊस प्रसिद्ध करतो, हें चांगलें आहे. पण कुणब्यास मागील सालांची रोजवार नोंदही हवी, व यंत्र नेमकें कोठें बसविलें आहे हेंही कळावयास हवें. बालाघाटाच्या एका अंगास ओढे वाहावे व दुसऱ्या अंगास धूळ उडावी, हें नेहमींचेंच. बीड १९४८ पर्यंत निजामी अमलांत असल्यामुळें तत्पूर्वींचें महसुली दफ्तर उर्दूंत आहे. त्यांत पावसाचें टिपण कोणास आढळल्यास त्यांनीं तें बरहुकूम उतरून, मराठी अर्थासह, या त्रैमासिकाकडे पाठवावें.