कडधान्याची लदेणी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातूनही माणसे येतात. यात्रेत भूक लागली की अशा ठिकाणी हातात बहुधा वडापाव येतो. वडापावशी माझे वैर नाही. पण तो हातात घेतला की एक विचार मनात येतोच. पाव आणि बटाटा हे दोन्ही पाहुणे. पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. आणि ज्या पिकाने या गावाभोवतीची शिवारे पावसाळ्यात हिरवीगार दिसतात, तो सोयाबीनचा दाणा त्या वड्यात कुठेच नाही. असलाच तर तळणीच्या तेलात!

आजकाल शहरातली मुले बर्गर मागतात. मांसाऐवजी राजमा, चवळी किंवा सोयाबीन वाटून केलेली टिक्की पावात घातली की झाला कडधान्याचा बर्गर. तो घरी कसा करावा, असे पुष्कळ जणी विचारतात. कृती मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी या दाण्याचा प्रवास सांगतो, कारण तो पोहरादेवीसारख्या गावावरूनच गेलेला आहे.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या व्यापारासाठी अनेकदा भारतात आला. १६७६ साली छापल्या गेलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात बैलांच्या तांड्यांची हकीकत आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे त्याने वर्णिले आहेत. रस्ता अरुंद असला आणि समोरून असा तांडा आला, तर प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावे लागे, असे तो सांगतो. माल वाहणाऱ्या या लोकांचे त्याने चार वर्ग केले आहेत. एक वर्ग धान्य नेई, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी-कडधान्ये आणि चौथा मीठ. ही वाटणी प्रत्यक्षात इतकी काटेकोर असेल की नाही, ते सोडून देऊ. पण धान्य आणि मीठ यांच्या बरोबरीने डाळ हा स्वतंत्र माल होता, एवढे त्यावरून दिसते. डाळ पिकते एकीकडे, खाणारा असतो दुसरीकडे. मधले शेकडो कोस बंजाऱ्याच्या बैलाने तोडायचे. या मालवाहतुकीला लदेणी म्हणत.

लष्करालाही या लदेणीवाचून गती नव्हती. मोगलांच्या दक्षिणेतल्या फौजा बंजाऱ्यांच्या धान्यावर जगल्या. १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात लढला. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्या मोहिमेत त्याच्या सैन्याचा दाणागोटा याच बैलांच्या पाठीवर होता. तोफा कितीही असल्या तरी संध्याकाळी शिपायाच्या भांड्यात डाळ पडली पाहिजे, हे त्याला चांगले ठाऊक होते.

मग आगगाडी आली. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला आणि हजार बैलांचे काम एक इंजिन करू लागले. मिठाच्या व्यापारावर सरकारी बंधने होतीच. त्यात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि फिरत्या जमातींकडे सरकार संशयाने पाहू लागले. लदेणी मोडली. बैल विकले गेले. तांडे डोंगरांच्या कडेला, माळरानांवर स्थिरावले आणि वाहतूकदार शेतकरी आणि शेतमजूर झाले. पोहरादेवीच्या आसपासचा मुलूख, पुसद, दिग्रस, मानोरा, हा अशा तांड्यांचाच. पुसदजवळच्या गहुलीला १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. तेच पुढे, १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. दाणा वाहणाऱ्यांचा वंशज दाणा पिकवणाऱ्यांचा नेता झाला.

आता जरा स्वयंपाकघरात येऊ. कडधान्य भिजवायचे, वाटायचे, थापायचे आणि तळायचे, ही युक्ती आपल्याला कोणी परदेशातून शिकवलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात उडदाचे वडे आहेत, ते दुधात आणि दह्यात भिजवण्याच्या तऱ्हा आहेत, अनेक डाळींचे पीठ एकत्र करून केलेला पदार्थही आहे. त्याच प्रकरणात मांसाचे पदार्थही तितक्याच आवडीने सांगितले आहेत. म्हणजे डाळीचा वडा हा मांसाची नक्कल म्हणून जन्माला आलेला नाही. तो स्वतःच्या मानाने ताटात बसलेला आहे. आपल्या विदर्भात पाहा. गोळाभात आहे, भरड्याचे वडे आहेत, झणझणीत रश्श्यातली पाटवडी आहे. बरबटी, म्हणजे चवळी, भिजवून जाडसर वाटायची, त्यात मिरची-लसूण घालायचे आणि वडे तळायचे, हे तर घरोघरचे. बरबटीचा वडा चपटा थापून पावात ठेवला, तर त्याला बर्गर म्हणायला कोणाची हरकत असणार?

पण सोयाबीनची गोष्ट निराळी आहे. हा दाणा आपल्याकडे खाण्यासाठी म्हणून आणण्याचा एक प्रयत्न फार पूर्वी झाला होता आणि तोही विदर्भातच. पोहरादेवीहून पूर्वेला यवतमाळ जिल्हा ओलांडला की वर्धा. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. १९३५ साली गांधीजी तिथे राहत होते. गरिबाला परवडेल असे सकस अन्न कोणते, हा प्रश्न त्यांना छळत होता. बडोदे संस्थानात सोयाबीनचे प्रयोग चालू होते. त्यांच्याविषयी गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले आणि मगनवाडीतल्या जेवणातही सोयाबीन सुरू केले. विनोबांचे वडील नरहर भावे बडोद्याला असत. आहाराचे प्रयोग ते स्वतःवर करीत. त्यांचा सोयाबीन खाण्याचा अनुभवही ‘हरिजन’मध्ये छापला गेला. पुढे १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. सोयाबीन मात्र आपल्या चुलीवर रुळले नाही. दाणा शिजायला चिवट, वास उग्र. आणि तूर-मूग असताना त्याची गरज तरी कोणाला वाटावी?

सोयाबीन परत आले ते साठच्या दशकाच्या अखेरीस आणि वेगळ्या वाटेने. पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने त्याच्या जाती आणल्या, तपासल्या. आधी मध्य प्रदेशात हे पीक पसरले, मग विदर्भात उतरले. १९९४ साली प्रसारित झालेल्या जेएस ३३५ या जबलपूरच्या वाणाने तर शिवारेच्या शिवारे व्यापली. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती, दिवाळीच्या तोंडावर पैसा. शेतकऱ्याने ते का घेऊ नये? पण ज्वारी गेली आणि तिच्या ओळींतले मूग, उडीद, बरबटी यांचेही क्षेत्र आक्रसले. घरच्या शेतातले हे दाणे दुकानातून आणण्याची पाळी आली.

आणि सोयाबीन जाते कुठे? गिरणीत. शंभर किलो दाण्यातून सुमारे अठरा किलो तेल निघते. उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशी जाते. किलोभर दाण्यात सुमारे चारशे ग्रॅम प्रथिने असतात. डाळींत ती दोनशे ते अडीचशे ग्रॅम. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, म्हणजे किलोला पन्नास रुपयांच्या आतच होता. अनेक बाजारांत तेवढाही मिळाला नाही. इतके स्वस्त आणि इतके सकस अन्न ज्याच्या खळ्यावर पडते, त्याच्या घरातल्या मुलाच्या ताटात ते येत नाही. लदेणी अजून चालूच आहे. बैलांच्या जागी ट्रक आले, एवढाच फरक. तांड्याचा बैल दुसऱ्याचा माल वाही. आपला ट्रक आपलाच माल दुसऱ्याकडे नेऊन पोहोचवतो.

इकडे जगाने काय केले तेही ऐका. १९८२ साली लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स याने ‘व्हेजीबर्गर’ या नावाने कोरडे मिश्रण बाजारात आणले. घरी पाणी घालायचे, थापायचे, भाजायचे. २०१६ साली अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्स या कंपनीने मांसासारखा लाल दिसणारा बर्गर काढला. त्याच्या लालीचे गुपित सोयाबीनच्या मुळात आहे. शेतातले झाड उपटा, मुळावरची एक गाठ नखाने फोडा; आत गुलाबी रंग दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा दूरचा भाऊ. त्याचे जनुक यीस्टमध्ये घालून त्या कंपनीने ते द्रव्य तयार केले. आपला शेतकरी निंदताना ही गाठ रोज पाहतो. तिचा बर्गर मात्र सातासमुद्रापार झाला.

आता कृती. वाटीभर सोयाबीन निवडून रात्रभर भिजवा. सकाळी चोळून साले काढा, पाणी बदला आणि दाणे थेट उकळत्या पाण्यात टाका. उग्र वास त्याने कमी होतो. मग कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये. त्यातले एक द्रव्य प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होते. पाणी पूर्ण निथळून दाणे जाडसर ठेचा. सोयाबीनमध्ये पिठूळपणा नसल्यासारखाच, त्यामुळे एकटे ते बांधून राहत नाही. म्हणून शिजवून कुस्करलेली अर्धी वाटी बरबटी, मूठभर पोह्यांचे पीठ किंवा भाजलेले बेसन घाला. कांदा, आले-लसूण, मिरची, धने-जिरे, कोथिंबीर, मीठ. अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पीठ ओल शोषून घेते आणि टिक्की फुटत नाही. बोटाएवढी जाड थापा आणि थोड्या तेलावर, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. पाव नसला तर ज्वारीची भाकरी घ्या. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. बाटीतली टिक्की पावातल्या टिक्कीहून काही कमी लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे कधीही खाण्यात येऊ देऊ नका.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत पाहायला आता माणसे जातात. जरूर जावे. पण या इतिहासाचा एक धागा काचेच्या कपाटात ठेवण्याजोगा नाही, तो चुलीवर ठेवण्याचा आहे. पुढच्या हंगामात पोती ट्रकमध्ये भरण्याआधी पायलीभर दाणे घरासाठी काढून ठेवा. माल वाहणाऱ्यानेही वाटेत आपली चूल मांडून आपली डाळ शिजवलीच असेल. आपण तर पिकवणारे आहोत.