दारूबंदीच्या जिल्ह्यातली गाणारी ओसरी

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं, आणि त्यांच्या वास्तव्याचा मान म्हणून हा जिल्हा कायद्यानं कोरडा ठेवला गेला. आयर्लंडमध्ये एकेक कुटुंब वर्षानुवर्षं पब चालवतं आणि संध्याकाळी तिथल्या कोपऱ्यात फिडल आणि बासरीवाले जमतात. तसा पब आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. पण गाण्याला बसायला जागा देण्याचं त्या पबचं काम आर्वी तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीनं दोन पिढ्या केलं.

आयर्लंडचं ते संगीतही मुळात पबमधलं नव्हेच. ते स्वयंपाकघरातलं आणि चव्हाट्यावरचं. शेतकऱ्याच्या घरी चुलीभोवती माणसं जमायची, कोणी वाजवायचं, बाकीचे नाचायचे. १९३५ साली तिथं सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. पाद्री आणि पोलीस यांनी तो घरगुती नाचांवरही चालवला, आणि घराघरांतल्या बैठका मोडत गेल्या. पुढे १९५१ साली मलिंगर गावात पारंपरिक संगीताचा पहिला मोठा मेळा भरला. त्यानंतरच्या वर्षांत गाणं हळूहळू पबमध्ये स्थिरावलं. म्हणजे पबनं ते जन्माला घातलं नाही, बेघर झालेल्या गाण्याला आसरा दिला.

आमच्याकडे हा आसरा भजनाला मिळाला, आणि त्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होते. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. मोझरी अमरावती जिल्ह्यात आहे, पण मधे वर्धा नदी तेवढी ओलांडायची. आमच्या बाजूच्या गावांना ते कधी परकं वाटलं नाही. १९३६ मध्ये महाराज गांधीजींजवळ काही काळ राहिले. त्यांच्या हातात खंजिरी असायची, आणि त्या एका वाद्यावर त्यांनी गावं जागी केली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले. या भागात स्वातंत्र्यलढ्याचं ते वारं उठवण्यात भजनांचा वाटा मोठा होता. त्याच महिन्यात सरकारनं महाराजांना अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, सामुदायिक प्रार्थना हे सगळं याच खंजिरीच्या ठेक्यावर गावात आलं. १९५५ साली महाराज जपानच्या धर्मपरिषदेला गेले, तेव्हा तिथंही खंजिरी वाजली.

खंजिरी दिसायला साधी. वीतभर रुंदीचं लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. पावसाळ्यात कातडं सैल पडलं की आवाज बसतो. आजोबा बैठकीआधी ती चुलीच्या उबेपाशी धरायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, पुन्हा धरायचे. आयरिश बोधरान हीसुद्धा लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणूनच बनते. ती छोट्या काठीनं वाजवतात. दोन्ही वाद्यं गरिबाच्या घरात परवडणारी, आणि दोन्ही शिकायची ती वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून.

आमची बैठक गुरुवारी असायची. जेवणं आटोपली की माणसं यायची. शेतमजूर, सुतार, शाळेचे गुरुजी. चपला पायरीशी काढून कोणी तरी आत डोकवायचं, "काकाजी, पेटी काढू का?" सतरंजी पसरायची, पेटी मधे, टाळवाले समोरासमोर. ऐकायला आलेल्यांना गाणाऱ्यांच्या पाठी दिसायच्या, कारण गाणारे एकमेकांसाठी गायचे. आयरिश वादकही पबमध्ये असेच गोल करून बसतात. नव्या पोराला आधी टाळ मिळायचे. ठेका चुकला तर कोणी रागवायचं नाही. शेजारचा टाळवाला जरा जोरानं वाजवायचा, तेवढ्यानं पोरगा सावरायचा.

या सगळ्याचा खर्च घर सोसायचं. विशेषतः आजी. दिवसभर कापूस वेचून आलेली ती बाई रात्री वीस माणसांचा गुळाचा काळा चहा करायची आणि सकाळी ओसरी सारवायची. भजनी मंडळाच्या वहीत गाणाऱ्यांची नावं आहेत, तिचं नाही. या भागातल्या भजनाचा इतिहास कोणी लिहिला, तर अशा बायकांपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

पुढे घराच्या वाटण्या झाल्या आणि ओसरीच्या मधोमध भिंत आली. बैठक सभामंडपात गेली. तिथं माईक आहे, पंखे आहेत, खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, चांगली बक्षिसं असतात. त्यांचं मला कौतुकच आहे; सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या घेऊन प्रबोधनासाठी गावोगावचे मंच गाजवले, तेव्हा या वाद्याची पत वाढलीच. पण स्पर्धेत तयार झालेलं गाणं ऐकवलं जातं. कच्च्या पोराला चुकू देणारी जागा वेगळी लागते.

डब्लिनच्या कॉबलस्टोन पबची गोष्ट इथं आठवते. मुलिगन कुटुंब तो चालवतं. २०२१ मध्ये तिथं हॉटेल बांधायचा बेत निघाला, तेव्हा माणसं वाद्यं घेऊन रस्त्यावर आली आणि पालिकेनं परवानगी नाकारली. त्या लोकांना कळलं होतं की एक घर बंद झालं की त्याच्याबरोबर शिकण्याची जागाही जाते.

आमच्या वाटणीच्या अर्ध्या ओसरीत आता महिला भजनी मंडळ बसतं, दुपारी, शेतीची कामं नसतात तेव्हा. पेटी तीच आहे, आणि खंजिरी माझी चुलतबहीण वाजवते. शासनानं सभामंडप जरूर बांधावेत. पण ज्यांच्या घराला अजून ओसरी आहे, त्यांनी आठवड्यातली एक वेळ ठरवून दार उघडं ठेवावं, आणि चहा या खेपेला पुरुषांनी करावा.